घरचा फ्रेंच टोस्ट: अंड्याआधी ब्रेडबद्दल बोलूया

सातरस्ता

मार्च उजाडला की सोलापुरात सकाळी आठनंतर गॅससमोर उभं राहवत नाही. त्यामुळे या दिवसांत आमच्याकडे झटपट होणाऱ्या न्याहारीला मान, आणि त्यात फ्रेंच टोस्टचा नंबर बराच वर. पाकृ जालावर ढिगाने आहेत. बहुतेकांत दालचिनी, व्हॅनिला, मध, फळं यांवर परिच्छेदच्या परिच्छेद असतात आणि ब्रेडसाठी एवढंच, की स्लाइस घ्या. माझं मत असं की हा पदार्थ ब्रेडवर जमतो किंवा ब्रेडवर फसतो, मसाला नंतरचा. म्हणून हा धागा.

ताज्या पांढऱ्या ब्रेडच्या वजनात एक तृतीयांशाहून जास्त पाणी असतं. तो दूध-अंड्यात घातला की वरचा थर भिजून लिबलिबीत होतो आणि मध्यापर्यंत दूध पोचायच्या आत स्लाइस हातात तुटतो. वाळलेला ब्रेड मिश्रण आत ओढून घेतो, तरी आकार धरून राहतो. मग तव्यावर आतलं दूध-अंडं सेट होतं आणि मध्य मऊ पण घट्टसर लागतो.

वाळवण्याच्या बाबतीत आपलं गाव नशीबवान आहे. एप्रिलमध्ये रात्री जाळीवर उघडे मांडलेले स्लाइस सकाळपर्यंत हवे तसे होतात, वरून एक पातळ सुती कापड टाकलं की झालं. पावसाळ्यात मात्र हे करू नका, बुरशी धरते. तेव्हा ओव्हन १५० अंशांवर ठेवून दोन्ही बाजू सात-आठ मिनिटं वाळवायच्या. ओव्हन नसेल तर कोरड्या तव्यावर अगदी मंद आचेवर, रंग येऊ न देता. फ्रिजमध्ये ठेवून ब्रेड शिळा करायचा सल्लाही बरेच जण देतात. थंडीत ब्रेडमधला स्टार्च लवकर कडक होतो हे खरं, पण पिशवीत बंद असल्याने पाणी आतच राहतं. आपल्याला पाणी घालवायचंय.

जाडी दोन सेंटीमीटरच्या आसपास हवी. पिशवीतला कापलेला ब्रेड यापेक्षा बराच पातळ असतो. बेकरीत अख्खा, न कापलेला ब्रेड मागून घ्या आणि घरी दातेरी सुरीने कापा.

चार जाड तुकड्यांना माझं प्रमाण: २ अंडी, शिवाय एक जास्तीचा पिवळा बलक, पाऊण कप म्हणजे १८० मिली दूध, एक टेबलस्पून साखर, चिमूट मीठ, पाव टीस्पून दालचिनी, एक टेबलस्पून वितळलेलं लोणी. दालचिनी साखरेत कालवून मग घाला, नाहीतर ती वर तरंगते आणि पहिल्याच तुकड्याला सगळी चिकटते. दूध कोमट असू द्या. गार असेल तर लोण्याच्या गुठळ्या होतात, कडकडीत असेल तर अंडं फाटतं. पसरट ताटलीत एकेक बाजू अर्धा मिनिट भिजवायची, उचलून क्षणभर निथळायची आणि मध्यम-मंद आचेवर दोन्ही बाजूंनी तीन-चार मिनिटं भाजायची.

तुमच्याकडे कसा करता ते लिहा. तिखट, गोड, बिनअंड्याचा, सगळं चालेल.

कडकभाकरी

तोंपासु! जाळीवर वाळवायची कल्पना फार आवडली. आमच्याकडे भाकरी कडक करून महिनाभर ठेवतात, तर ब्रेड एक रात्र वाळवायला काय हरकत आहे.

एक विचारायचं होतं. घरात सगळे अंडी खातात, पण गोड फ्रेंच टोस्टला अंड्याचा वास येतो म्हणून सासूबाई बाजूला सारतात. व्हॅनिला घालूनही तो येतोच. काही उपाय?

सातरस्ता

@कडकभाकरी, तो वास मुख्यतः पांढऱ्या भागाचा. त्यातल्या प्रथिनांत गंधक असतं आणि तापल्यावर तोच वास सुटतो. म्हणून मी एक बलक जास्तीचा घेते. सासूबाईंसाठी पांढरं पूर्ण वगळा: ३ बलक आणि एक कप दूध. टोस्ट थोडा जास्त मऊ होतो, पण चव सरळ खिरीकडे जाते. उरलेलं पांढरं दुपारच्या भुर्जीत घाला. आणि मिश्रण गाळणीतून गाळा. बलकाला चिकटलेली पांढरी दोरी आणि न फेटलेलं पांढरं गाळणीत राहतं, नाहीतर टोस्टवर त्याचे उकडलेले पांढरे ठिपके दिसतात आणि खाणाऱ्याला आधी तेच खटकतात. व्हॅनिलाऐवजी वेलची-जायफळ घालून बघा, त्यांच्या जिभेला ओळखीचं लागेल.

पूर्वभागकर

ओ अक्का, लई भारी धागा काढलाव! पण आमच्या घरात गोड फ्रेंच टोस्ट कुणी बनवत नाही बघा. आमच्याकडं तिखटच. अंड्यात बारीक कांदा, हिरवी मिरची, कोथिंबीर, हळद, मीठ, दूध अगदी थोडं. स्लाइस बुडवायचा, तेलावर टाकायचा, वरून शेंगा चटणी. लहानपणी यंत्रमागाच्या पाळीवरनं वडील सकाळी घरी यायचे, तेव्हा आई हेच करायची. दहा मिनिटांत पोटभर.

तिखटाला जाड ब्रेड नको, पातळच बरा. आणि कांदा अगदी बारीक चिरा, मोठा राहिला की ब्रेडला धरत नाही, तव्यात सुटतो आणि करपतो.

सातरस्ता

अण्णा, शेंगा चटणी तुम्ही भाजताना घालता की नंतर? मी एकदम शेवटी भुरभुरते.

पूर्वभागकर

नंतरच. चटणीत लसूण आणि लाल तिखट असतंय, तव्यावर गेलं की कडू होतंय आणि खोकला सुटतोय. टोस्ट ताटात घेतला की गरम असतानाच घालायची. कांडलेली चटणी पाहिजे मात्र, तेल सुटलेली. मिक्सरमधली कोरडी चटणी टोस्टवर बसत नाही, निम्मी ताटात सांडते. त्यात वरून थोडं शेंगतेल नाहीतर दही कालवा, मग ती पसरून लावता येते.

बेकरीत_पहाटे

मी बेकरीच्या भट्टीवर काम करतो म्हणून थोडं लिहितो. धाग्यातली ब्रेडची माहिती बरोबर आहे, फक्त ब्रेड-ब्रेडमध्ये फरक असतो.

मिल्क ब्रेड या नावाने जो मिळतो त्यात साखर आणि फॅट जास्त. तो लवकर लाल होतो, म्हणून त्याला आच कमी ठेवा आणि मिश्रणातली साखर निम्मी करा. साध्या सँडविच ब्रेडला वरची आच चालते. ब्राऊन ब्रेड घेणार असाल तर घटकांची यादी वाचा, कारण बऱ्याच ब्राऊन ब्रेडमध्ये मैदाच जास्त असतो आणि रंग कॅरॅमलचा. खऱ्या गव्हाच्या ब्रेडची जाळी दाट, त्याला भिजायला दुप्पट वेळ द्या.

अख्खा ब्रेड मागायचा तर दुपारनंतर या आणि आदल्या दिवशीचा आहे का ते विचारा. ताज्या, कोमट ब्रेडवर सुरी चालत नाही, तो दबतो आणि आतून चुरगळतो. आम्हीसुद्धा पूर्ण गार झाल्याशिवाय मशीनला लावत नाही. बहुतेक बेकरीवाले आदल्या दिवशीचा ब्रेड आनंदाने देतात, पण मागावा लागतो. लोक विचारायला संकोचतात.

लादी पावही छान लागतो. मधून आडवा कापून दोन भाग करा आणि फक्त कापलेली बाजू जास्त वेळ भिजवा. वरची चकचकीत साल दूध लवकर पीत नाही.

होटगीरोड

दादा, आदल्या दिवशीच्या ब्रेडबद्दल धन्यवाद, हे कधी सुचलंच नव्हतं.

माझा प्रश्न तव्याचा. मुलाला टोस्टचा मधला भाग जरासुद्धा ओला लागला की तो खात नाही. आच वाढवली की बाहेरून काळा, कमी केली की फिका आणि तेलकट. बिडाचा तवा आहे, नॉनस्टिक पॅनही आहे. कोणता घेऊ?

सातरस्ता

@होटगीरोड, दोन्ही चालतात, फक्त वागणूक वेगळी. बिडाचा तवा उष्णता धरून ठेवतो. तो मंद आचेवर चार-पाच मिनिटं आधीच तापू द्या आणि नंतर आच वाढवू नका. पाण्याचा थेंब टाकला तर तो हलका चुरचुरत आटला पाहिजे, उड्या मारत पळाला तर तवा जास्त तापलाय. नॉनस्टिक लवकर तापतं, लवकर निवतं, त्यात आच हातात राहते. नवशिक्याने नॉनस्टिक घ्यावं असं मला वाटतं.

फिका आणि तेलकट होतो याचं कारण बहुधा गार तव्यात तूप आणि टोस्ट एकदमच पडतात. तूप पूर्ण तापल्यावरच तुकडा टाका.

लोणी एकटं वापरू नका. त्यातला दुधाचा अंश लवकर जळतो आणि काळे कण टोस्टला चिकटतात. एक चमचा तेल, त्यात अर्धा चमचा लोणी. किंवा सरळ साजूक तूप, त्यात तो अंश आधीच काढलेला असतो, म्हणून ते बरीच आच सोसतं. दर दोन तुकड्यांनंतर तवा पुसून घ्या.

मधल्या भागासाठी: दोन्ही बाजूंना रंग आला की आच अगदी कमी करून एक मिनिट झाकण ठेवा. वाफेने मध्य शिजतो. मग झाकण काढून अर्धा मिनिट पुन्हा उघडं भाजा म्हणजे वरचा खरपूसपणा परत येतो. बोटाने मध्य दाबला तर तो वर उसळला पाहिजे. दाबलेला खळगा तसाच राहिला किंवा कडेने दूध आलं तर अजून वेळ द्या. स्वयंपाकाचा थर्मामीटर असेल तर मध्य ७१ अंशांवर पोचला की अंडं सुरक्षित शिजलं.

दुधाचंही एक. आपल्याकडे घरोघरी म्हशीचं दूध. त्यात स्निग्धांश गाईच्या दुधापेक्षा दीडपट ते दुप्पट, त्यामुळे मिश्रण दाट होतं आणि पातळ तुकड्यात नीट मुरत नाही. तुमच्याकडे तसं असेल तर पाव भाग पाणी घाला. साय आधी काढून ठेवा, तिचे तुकडे तव्यावर करपतात. खाताना तीच साय साखर घालून टोस्टवर घ्या, मुलगा खूश होईल.

साखरपेठ

आमच्या घरात अंडं चालत नाही. कस्टर्ड पावडरने करतात ते ऐकलंय, पण मी खाल्ला तो टोस्ट पिठूळ लागला. कुणाला नीट जमतो का?

कडकभाकरी

साखरपेठ, माहेरी श्रावणात आम्ही तसाच करतो. पिठूळपणा कच्च्या पिठाचा. कस्टर्ड पावडर म्हणजे मुळात रंग आणि वास घातलेला कॉर्नफ्लोअर. त्याला नीट शिजायला उकळीजवळची उष्णता लागते, आणि टोस्टच्या मध्यापर्यंत तेवढी जात नाही. म्हणून कस्टर्ड आधी शिजवून घ्यायचं. एक कप दुधाला एक टेबलस्पून पावडर, दोन टेबलस्पून साखर. ढवळत उकळी आणा, चमच्याच्या पाठीला पातळ थर बसेल इतपतच दाट. कोमट झालं की वाळलेला ब्रेड त्यात बुडवा. शिजवलेलं असल्याने पावडर तळाशीही बसत नाही. भाजताना तूप हवंच. अंड्याइतका रंग येत नाही, म्हणून उलटायच्या आधी वरच्या बाजूला चिमूटभर साखर भुरभुरते. ती खाली गेली की वितळून लालसर पापुद्रा धरते. इथे आचेवर लक्ष ठेवा, साखर एकदा धूर सोडू लागली की कडू झालीच.

वेस_विजापूर

नम्रपणे असहमत. अंडं नसेल तर तो कस्टर्ड टोस्ट म्हणा, चवदार असेलच. फ्रेंच टोस्टचा जो मधला पोत आहे तो अंडं गोठल्यामुळेच येतो, पिठाने येत नाही.

सध्या_हैदराबादेत

वेस_विजापूर, पोताबद्दल तुमचं बरोबर आहे, पण अंड्याची अट मला पटत नाही. प्राचीन रोमन पाककृतींचा जो लॅटिन संग्रह आज उपलब्ध आहे, त्यात पांढऱ्या ब्रेडचे कडा काढलेले मोठे तुकडे दुधात भिजवून, तळून, वर मध घालायची कृती आहे. फ्रान्स हा देश म्हणून घडण्याच्या कितीतरी आधीची. स्पेनमध्ये ईस्टरच्या आधीच्या पवित्र सप्ताहात तोरिहास करतात: ब्रेड दुधात किंवा वाइनमध्ये भिजवून, अंड्यात घोळवून, ऑलिव्ह तेलात तळून, वर साखर-दालचिनी किंवा मध. शिळा ब्रेड वाया जाऊ न देणं हे या सगळ्यांच्या मुळाशी आहे, आणि ते ज्याने त्याने आपल्या घरात असेल त्याने केलंय. साखरपेठच्या घरात दूध आणि तूप आहे, तर त्यांनी त्यानेच करावा.

इथे हैदराबादेत डबल का मीठा करतात तो याच घरातला, फक्त क्रम उलटा. ब्रेड आधी तुपात कडक तळायचा आणि मग केशर-वेलचीच्या पाकात आणि आटवलेल्या दुधात मुरवायचा. अंडं नाहीच. सोलापूरच्या पद्मशाली घरांमध्ये हैदराबादकडचे नातेवाईक असतातच, तिथे लग्नात खाल्लेला असेल.

पूर्वभागकर

खाल्लाय की! मावशीकडं लग्नात दोनदा वाढून घेतलेला.

मालदांडी

एक वेगळी गोष्ट सांगते. भाऊ काही वर्षं हाँगकाँगला होता. तिथल्या चहाच्या साध्या हॉटेलांत फ्रेंच टोस्ट म्हणजे दोन स्लाइसच्या मध्ये पीनट बटर, कडा कापलेल्या, फेटलेल्या अंड्यात बुडवून भरपूर तेलात तळलेला, आणि वर लोण्याचा तुकडा आणि सिरप किंवा कन्डेन्स्ड मिल्क. त्याने घरी करून दाखवला तेव्हा आईने पहिला घास घेऊन म्हटलं, अरे ही तर शेंगापोळी!

तेव्हापासून आमच्याकडे मध्ये शेंगापोळीचं सारण भरतात. भाजलेल्या शेंगदाण्याचं बारीक कूट पाऊण वाटी, किसलेला चिक्कीचा नसलेला साधा गूळ अर्धी वाटी, भाजलेले तीळ एक चमचा, वेलची. आणि महत्त्वाचं म्हणजे दोन चमचे तुपात खमंग भाजलेलं बेसन. गूळ तापला की पातळ होतो आणि फटीतून तव्यावर येऊन जळतो, बेसन त्याला धरून ठेवतं. गुळाच्या पोळीत घालतो त्याच कारणाने. सारण मुठीत दाबलं तर लाडूसारखं वळलं पाहिजे. कोरडं वाटलं तर चमचाभर दूध.

इथे ब्रेड पातळच घ्यायचा, आणि वाळवायचाही नाही, कारण ताजा ब्रेड कडेला दाबून चिकटवता येतो. (सातरस्ता ताई, तुमच्या नियमाला एवढा एक अपवाद करू द्या.) सारण कडेपासून बोटभर आत, वर दुसरा स्लाइस, चारी कडा अंड्याचा हात लावून घट्ट दाबायच्या. मग अंडं-दुधात भरकन बुडवून काढायचं, मुरवत ठेवायचं नाही. दूध कमीच, दोन अंड्यांना फक्त तीन-चार टेबलस्पून. भरपूर तेलाची गरज नाही, तुपावर मंद आचेवर दोन्ही बाजू आणि उभं धरून चारी कडाही भाजायच्या.

गड्ड्याच्या यात्रेच्या दिवसांत, म्हणजे जानेवारीत, घरात तिळगूळ आणि शेंगाचं सारण असतंच. तेव्हा हमखास होतो.

सातरस्ता

मालदांडी, अपवाद आनंदाने मान्य! कालच करून पाहिला. बेसनामुळे गुळाचा एक थेंब बाहेर आला नाही. माझी एकच भर: सारणात चिमूटभर मीठ घाला, दाण्याची चव उठून येते. आणि गरम गरम लगेच कापू नका, आतला गूळ जीभ पोळतो. पाच मिनिटं थांबलं की तो जरा धरतो आणि तिरपा कापल्यावर थर स्वच्छ दिसतात. धाग्यात आतापर्यंत आलेल्यांत मला हा सगळ्यात आवडला, माझ्या स्वतःच्या कृतीपेक्षाही.

साखरपेठ

कडकभाकरी, शिजवलेल्या कस्टर्डवर केला. पिठूळपणा पूर्ण गेला. आता मालदांडींचं सारण भरून बिनअंड्याचा करायचा विचार आहे. कडा चिकटतील ना?

मालदांडी

चिकटतील. मैद्याची पातळ पेस्ट पाण्यात कालवून कडांना लावा. आणि शिजवलेलं कस्टर्ड जरा जास्त पातळ ठेवा, जाड थर बसला तर तो तव्याला धरतो.

डब्याची_घाई

शाळेच्या डब्यात दिला तर चालेल का? सकाळी साडेसहाला भरते, मुलं साडेदहाला खातात. मार्चच्या उन्हात अंड्याचं देताना धाकधूक होते.

सातरस्ता

धाकधूक रास्त आहे. शिजवलेलं अंडंसुद्धा बाहेरचं तापमान ३२ अंशांच्या वर असेल तर तासाभरापेक्षा जास्त बाहेर ठेवू नये असा अन्नसुरक्षेचा नियम आहे. सोलापुरात मार्चच्या अखेरीला दहा वाजताच पारा त्याच्या वर गेलेला असतो. म्हणून उन्हाळ्यात मी अंड्याचा टोस्ट डब्यात देत नाही, आणि कस्टर्डवालाही नाही, दूध त्यातही आहेच. डिसेंबर-जानेवारीत देते, पूर्ण शिजवलेला पातळ टोस्ट. तो जाळीवर पूर्ण गार झाल्यावरच डबा बंद करायचा, नाहीतर वाफ आत कोंडून ओला होतो. उन्हाळ्यात डब्याला शेंगा चटणी लावलेली पोळी, आणि टोस्ट रविवारी घरी.

हाच नियम कच्च्या मिश्रणालाही. पाहुणे उठतील तसं करू म्हणून अंडं-दूध ओट्यावर ठेवू नका. फ्रिजमध्ये ठेवा, लागेल तेवढंच ताटलीत ओता, आणि ब्रेड बुडवून उरलेलं परत भांड्यात ओतू नका.

होटगीरोड

झाकणाची युक्ती लागू पडली. मुलाने मधला भाग आधी खाल्ला आणि कडा मला दिल्या! बिडाच्या तव्यावरच केला, तुपावर.

शेवटचा प्रश्न, जास्तीचे करून फ्रीझरमध्ये ठेवता येतात का?

बेकरीत_पहाटे

येतात. पूर्ण गार करून, ताटात सुटे सुटे मांडून आधी गोठवा, कडक झाले की पिशवीत भरा. महिनाभर चांगले राहतात. गरम करताना मायक्रोवेव्ह टाळा, ब्रेड चिवट होतो. गोठलेला टोस्ट थेट मंद तव्यावर, झाकण ठेवून, मग झाकण काढून. मालदांडी ताईंचा भरलेला मात्र गोठवू नका. गूळ सुटतो आणि आतला ब्रेड ओला पडतो, तो ताजाच खावा.